नोलरबाईंचं हाउस

भांडणाला भाषा लागत नाही. ते कानाला आपसूक कळतं.

वासंतीबाई पहिल्यांदा जर्मनीत आल्या, त्याला तेव्हा उणेपुरे चार दिवस झाले होते. नेकारसुल्मला त्यांचा मुलगा रोहन गाडीच्या कारखान्यात इंजिनिअर. तीन मजली इमारत, त्यात रोहनचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर. घरात कोणी नाही, शेगडीवर दूध, आणि खालून जिन्यात दोन म्हाताऱ्या माणसांचं कडाक्याचं जुंपलेलं. एक बाई, एक पुरुष. बाईचा आवाज पत्र्यावर खिळा ओढावा तसा आणि पुरुषाचा कफ धरलेल्या भोंग्यासारखा.

वासंतीबाईंच्या पदरी तोवर जर्मनचे सहा शब्द जमले होते. त्यातले तीन त्या भांडणात सारखे येत होते. इश म्हणजे मी. नाइन म्हणजे नाही. आणि हाउस म्हणजे घर.

"इश! इश, ओटमार! नाख हाउस! नाइन, नाइन!"

एवढं पुरे होतं. वासंतीबाईंनी दूध उतरवलं आणि मनातल्या मनात निकाल लावून टाकला. संध्याकाळी रोहन घरी आल्याबरोबर त्याला म्हणाल्या, "खालच्या बाईंचा भाऊ त्यांना घरातून बेदखल करतोय रे."

"आई, तुला जर्मन कधीपासून यायला लागलं?"

"जर्मन नाही येत. भाऊ येतात मला."

आता हे बोलणं कुठून आलं, ते रोहनला ठाऊक होतं, म्हणून तो जेवत राहिला. वासंतीबाईंचं माहेर बार्शीचं. वडील गेल्यावर श्रीपाददादानं त्यांना कचेरीत नेलं होतं, हक्कसोडपत्रावर सही करायला. दोन खोल्यांचं घर आणि विहिरीत चार आणे हिस्सा. चौथी शिकलेल्या हातानं त्यांनी 'वासंती' लिहिलं, वेलांटी दीर्घ काढायला विसरल्या, आणि इरकली लुगडं घेऊन सासरी परत आल्या. दादा वाईट नव्हता. सगळ्याच बहिणी सही करतात, त्यांनीही केली. फक्त त्यानंतर बार्शीला गेलं की त्या उंबऱ्यात जरा जास्त वेळ चपला काढत बसायच्या.

खालच्या बाईंचं नाव इर्मगार्ड नोलर. तेव्हा ऐंशीच्या होत्या. वासंतीबाईंपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, पण पाठीचा कणा असा ताठ की कुणी मापाची काठी आत घातलीये असं वाटावं. नवरा बस चालवायचा, तो कधीच गेलेला. मूलबाळ नाही. स्वतः कारखान्यात तीस वर्षं गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवली. इमारतीत सगळे त्यांना टरकून असत, आणि त्याला कारण केरवोखं.

म्हणजे त्या मुलखाची रीत अशी, की जिना झाडायची पाळी दर आठवड्याला एकेका बिऱ्हाडाची. पाळीची पाटी ज्याच्या दाराला, त्यानं झाडायचं. रोहनच्या बायकोच्या, उल्काच्या, दाराला पाटी लागली आणि ती ऑफिसच्या गडबडीत विसरली. नोलरबाई वर आल्या, बोट जिन्याकडे, आवाज वरच्या पट्टीत: "केरवोखं! केरवोखं!"

वासंतीबाई दारात. त्यांना नवल वाटलं. अगं बाई, ही तर मराठीत बोलतेय. केर काढा म्हणतेय. त्यांनी पदर खोचला, झाडू घेतला आणि वरपासून खालपर्यंत जिना असा झाडला, कठड्याच्या गजांमधून फडका असा फिरवला, की नोलरबाई शेवटच्या पायरीवर उभ्या राहून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गूट." म्हणजे छान. उल्का म्हणते, सहा वर्षांत त्या बाईच्या तोंडून इमारतीत कुणी हा शब्द ऐकला नव्हता.

तिथून ओळख. वासंतीबाई दर उन्हाळ्यात तीन महिने यायच्या, व्हिसा तेवढाच मिळतो. मधली दोन वर्षं करोनानं खाल्ली. बाकी दर वर्षी संध्याकाळी इमारतीमागच्या बाकावर दोघी बसायच्या. एकीकडे जर्मनचे सहाचे तीस शब्द झाले होते, दुसरीकडे मराठीचा एकच, 'केर'. तरी बोलणं अडलं नाही. नोलरबाई भावाबद्दल बोलायच्या. त्यांच्या बोलण्यात ओटमार यायचा, हाउस यायचं, छातीवर बोट ठेवून "इश" यायचं. आणि वासंतीबाई दर खेपेला ठेवणीतलं लुगडं काढावं तसा तो एकच सल्ला काढायच्या.

"फ्राउ नोलर. हाउस निष्ट गेबन." घर द्यायचं नाही.

"निष्ट?"

"निष्ट. नी." कधीच नाही. आणि हवेत सही करून, ती खोडून दाखवायच्या. सही करू नका.

नोलरबाई त्यांचा हात हातात घेऊन दाबायच्या. जिन्यात रोहन भेटला की त्यालाही सांगायच्या, तुझी आई शहाणी आहे, सगळ्या गावात तिलाच माझं म्हणणं कळलं. रोहन "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणून पुढे जायचा. त्याला वाटायचं, जिना झाडण्याबद्दल चाललंय.

अशी पाच वर्षं गेली. दोन बायका, दोन वेगळ्या गोष्टी, आणि एकमत!

यंदा मे महिन्यात टपालाच्या पेटीत एक कागद पडला. गावच्या बेसबॉल क्लबला पंचाहत्तर वर्षं झाली, त्याचा जून महिन्यात समारंभ. रोहनची मुलगी शमिका त्याच क्लबात मुलींच्या संघात खेळते. पंधरा वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र एरवी जर्मनमध्ये. तिनं कागद आजीला दाखवला. वर एक जुना फोटो: टोपी कपाळावर ओढलेला एक पोरगा धुरळ्यातून पळत येतोय, एक हात डोक्यावर टोपी धरून. खाली छापलेलं, ओटमार हेगेले, १९५२, कार्ल्सरूहेविरुद्धची विजयी धाव. पहिल्या संघातला तो एकटाच आता हयात, म्हणून त्याचा सत्कार.

तेवढ्यात दार वाजलं. वाजलं कसलं, बुक्क्या बसल्या. नोलरबाई. सत्त्याऐंशीच्या बाई दोन जिने चढून आलेल्या, हातात तोच कागद, चुरगळलेला. फोटोवर बोट आपटून म्हणाल्या, "दास बिन इश!"

शमिकानं आ वासला. "आज्जी, त्या म्हणतात, ही मी आहे."

"कोण मी?"

"हा मुलगा. हा मुलगा त्या आहेत."

वासंतीबाईंनी फोटो बघितला, नोलरबाईंकडे बघितलं. म्हणाल्या, "ते असू दे. आधी विचार, घराचं काय झालं? भावानं घर लिहून घेतलं का?"

"कुठलं घर?"

"अगं हाउस! पाच वर्षं चाललंय, हाउस, हाउस."

शमिकानं विचारलं. नोलरबाईंनी सांगितलं. मग शमिका जमिनीवर बसली आणि आजीला समजावायला लागली, अर्धं जर्मन, अर्धं मराठी, कारण घाई असली की तिच्या तोंडी मराठीही येतं. "आज्जी, हे घर नाही गं. म्हणजे घर, पण खेळातलं. चार कोपरे असतात. एका कोपऱ्यात उभं राहून चेंडू मारायचा आणि पळायचं, पुढचा पहिला, दुसरा, तिसरा कोपरा करत परत जिथून निघालो तिथं यायचं. त्याला म्हणतात घरी येणं. घरी आलीस तरच धाव. मध्ये कुठंही राहिलीस तर कितीही पळालीस तरी काही नाही. त्या म्हणतायत, घरी मी आले होते, ओटमार नाही."

वासंतीबाईंचे कान गरम झाले. "म्हणजे विटा-मातीचं घर नाहीच?"

"नाही."

"सांग त्यांना. मी गाढवीण आहे म्हणून सांग. मी आपली वाटणीचं बोलत होते."

शमिकानं सांगितलं. नोलरबाई हसायला लागल्या, इतक्या, की दाराशी चपलांच्या कपाटावर बसल्या आणि डोळे पुसायला लागल्या. म्हणाल्या, "सगळ्या जगात एकच माणूस मला सांगत होतं, देऊ नकोस म्हणून. आणि त्या माणसाला काही कळलंच नव्हतं!" मग हसू थांबलं. "पण सल्ला बरोबर होता, फ्राउ वासंती. मी दिलं होतं ते. चौदाव्या वर्षी देऊन बसले."

मग त्यांनी चहा घेतला, दुधाचा, नाक न मुरडता, आणि सगळं सांगितलं.

लढाई संपून सात वर्षं झाली होती. अमेरिकन पलटण मुक्कामाला होती आणि तिथला एक सार्जंट गावच्या पोरांना त्यांचा खेळ शिकवायचा. पोरांनाच. इर्मगार्ड कुंपणाबाहेर उभी राहून बघायची, आणि घरी ओटमारला चेंडू टाकायला कुणी हवं म्हणून परसात त्याच्याबरोबर खेळायची. भाऊ दोन वर्षांनी मोठा. मारायचा चांगला, पळायला मात्र ती. कार्ल्सरूहेच्या पोरांशी सामना ठरला त्याच दिवशी ओटमारचे दोन्ही गाल फुगले. गालगुंड. नऊ जण लागतात, होते आठ. ओटमारनंच तिला आपला शर्ट दिला, विजार दिली. वेण्या तिनं डोक्यावर गुंडाळून टोपीत कोंबल्या आणि गेली.

"कुणी ओळखलं नाही?" शमिकानं विचारलं.

"पोरांनी ओळखलं. बोलली नाहीत, नववा हवा होता त्यांना. सार्जंटनंही ओळखलं असणार. वहीत त्यानं हेगेले लिहिलं, पुढे ओटमारचा ओ. पण दुसऱ्या दिवशी तो आमच्या घरी आला, हातात अमेरिकेचं मासिक. त्यात बायकांचे फोटो. बेसबॉल खेळणाऱ्या बायका, आखूड झग्यात, गुडघे खरचटलेल्या. खुणांनी म्हणाला, आमच्याकडे खेळतात, पैसे घेऊन खेळतात, माझी चुलतबहीण आहे त्यात."

शमिका सरसावून बसली. हे तिला माहीत होतं, क्लबात तिनंच त्यावर तक्ता केला होता. तिकडे दीडशे वर्षांपूर्वीच कॉलेजातल्या मुली पायघोळ झगे घालून हा खेळ खेळल्या होत्या, आणि लढाईत पुरुष गेले तेव्हा बायकांचे पगारी संघ निघाले होते. ते सगळं ती भराभर सांगायला लागली. नोलरबाईंनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "हो का? माझ्या बापानं ते मासिक चुलीत घातलं आणि माझ्या एक ठेवून दिली. सोल्जर घरी येतो, पोरीला चित्रं दाखवतो, गाव काय म्हणेल? ठरलं असं, की ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जायची नाही. खेळला तो ओटमार. फोटो पेपरात आला, खाली ओटमार. मी हो म्हटलं. आईनं मला त्याबद्दल नवा फ्रॉक शिवून दिला."

वासंतीबाईंना बार्शीची कचेरी आठवली. लुगडं काय, फ्रॉक काय.

"मग पुढं कधी बोलला नाहीत?" शमिकानं विचारलं.

"भावाशी भांडले. वर्षाकाठी दोनदा, सणाला आणि वाढदिवसाला. पण तो लोकांना सांगत गेला, सांगत गेला, आणि शेवटी त्याला स्वतःलाच खरं वाटायला लागलं. आता सत्कारात क्लबाच्या भिंतीवर पितळी पाटी बसणार आहे. तो एकोणनव्वदचा, मी सत्त्याऐंशीची. पाटी बसली की झालं. मग कोण उखडणार?"

वासंतीबाईंनी विचार केला. त्यांना एकच गोष्ट येत होती, तीच सुचली. म्हणाल्या, "शमू, सांग त्यांना. कागद करून घ्या. आमच्याकडे बहीण करते हक्कसोड. इथं भावानं करू दे."

जर्मन माणसाला कागद म्हटलं की धीर येतो. नोलरबाई ताठ झाल्या. शमिकानं लॅपटॉपवर चार ओळी बडवल्या: मी, ओटमार हेगेले, असं लिहून देतो की कार्ल्सरूहेविरुद्धच्या सामन्यात माझ्या नावानं माझी बहीण इर्मगार्ड खेळली. खाली तारीख, खाली सहीची रेघ.

ओटमार गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होता. नोलरबाई दर गुरुवारी त्याच्याकडे जायच्याच. त्या गुरुवारी तिघी गेल्या. तो चाकाच्या खुर्चीत, भांग पाडलेला, खिडकीशी. कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"हिनं शिकवलंय तुला?" वासंतीबाईंकडे बोट.

"हिनं पाच वर्षं शिकवलंय," नोलरबाई म्हणाल्या.

"आणि मग माझ्याकडे काय राहतं, इर्मा?"

"दहा सामने खेळलास तू. दहा तुझे. एक माझा."

"दहा कुणाला आठवतायत? लोक टाळ्या वाजवतात त्या एकाला." त्याचा आवाज चिरकला. "मी आयुष्यभर मोटरसायकली दुरुस्त केल्या. त्याला कुणी टाळ्या वाजवल्या का कधी?"

शमिका हे सगळं आजीच्या कानात मराठीत पोचवत होती. वासंतीबाईंना वाटलं, हात धरून नोलरबाईंना बाहेर न्यावं. श्रीपाददादाही शेवटी असाच दिसत असे, शर्टाच्या कॉलरात मान हरवलेला. घेतलेलं घर त्याला तरी कुठं पुरलं? पण नोलरबाई हलल्या नाहीत. त्यांनी कागद मागे घेतला, घडी घातली, आणि पर्स उघडून आत ठेवायला लागल्या. आपण हरलो, हे त्यांच्या पाठीवरून दिसलं. त्या पाठीला पहिल्यांदाच बाक आला होता.

ओटमार खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "सांग मला परत."

"काय?"

"ते. नीट सांग. मी नव्हतो ना तिथं. त्या रात्री तू माझ्या पलंगावर बसून सांगितलंस, तेच मी जन्मभर सांगत आलो. मधलं मधलं आता जातं."

नोलरबाई बसल्या. सांगायला लागल्या. पहिले दोन चेंडू हुकले. तिसरा बॅटला असा लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. पहिला कोपरा, दुसरा. तिसऱ्यावर पोरं ओरडत होती, थांब, थांब. ती थांबली नाही. चेंडू मागून येत होता, आवाज ऐकू येत होता त्याचा. एक हात टोपीवर...

"वारा होता म्हणून," ओटमार म्हणाला. हे तो नेहमी म्हणायचा. लोकांनी फोटोबद्दल विचारलं की तो म्हणायचा, वारा फार होता, टोपी उडाली असती.

नोलरबाईंनी डोक्यावरून हात फिरवला.

त्यानं खिडकीचा पडदा चिमटीत धरला. मग म्हणाला, "वारा नव्हता. मी पलंगावर पडून पडदा बघत होतो, दिवसभर. दुसरं काय करणार, गाल हे एवढाले. पडदा हलत नव्हता." खुर्ची थोडी वळवून त्यानं बहिणीकडे बघितलं. "वेण्या होत्या तुझ्या."

"वेण्या होत्या."

"दे इकडं."

सही करायला त्याला वेळ लागला. सही झाली तरी पेन खाली ठेवलं नाही, खाली आणखी एक शब्द लिहिला. वासंतीबाईंना वाटलं, आता काय अट घातली यानं? शमिकानं वाकून बघितलं आणि ती फिसकन हसली.

"काय लिहिलंय गं?"

"मुम्प्स. गालगुंड."

"कारण द्यायला हवं," ओटमार म्हणाला. "नाहीतर लोक म्हणतील, घाबरला."

समारंभ झाला तो असाच झाला. सॉसेज कमी पडले, माइक खरखरत होता, क्लबाच्या अध्यक्षांनी नवी पाटी करायला दिली होती ती वेळेत आली नाही, म्हणून जुन्या पाटीखाली कागदावर छापून चिकटवलं: १९५२, धाव इर्मगार्ड हेगेले, भावाच्या नावाने. नोलर लिहू का, असं त्यांनी विचारलं होतं. बाई म्हणाल्या, नोलर तेव्हा नव्हते मी, हेगेलेच लिहा. ओटमारचा सत्कार त्याच्या दहा सामन्यांचा झाला, टाळ्या त्याला मिळाल्या, थोड्या मोजूनमापून. शमिकाच्या संघातल्या मुली नोलरबाईंना टोपी घालायला लावत होत्या, फोटोसाठी. त्यांनी घातली नाही. केस विस्कटतात म्हणाल्या. पाटीजवळ मात्र त्या तीनदा गेल्या. वासंतीबाईंनी मोजलं. तिसऱ्यांदा त्यांनी चिकटवलेल्या कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबला आणि तसाच थोडा वेळ धरून ठेवला.

नोलरबाई ऑगस्टमध्ये गेल्या. शुक्रवारी पहाटे, झोपेत. आजार नाही, दवाखाना नाही.

आदल्या दिवशी गुरुवार होता. त्या दुपारी दोनच्या बसनं निघाल्या. बस दोन मिनिटं उशिरा आली, म्हणून ड्रायव्हरला घड्याळ दाखवलं. माझा नवरा तुझ्या जागी असता तर लाजला असता, म्हणाल्या. ओटमारकडे धुतलेले शर्ट दिले, मळलेले घेतले. त्यानं हल्ली दर वेळी मागायचं तसं मागितलं, सांग मला परत, आणि त्यांनी सांगितलं, तिसऱ्या कोपऱ्यावर न थांबण्यापर्यंत. कॉफी नको म्हणाल्या. परत येताना बेकरीतून दोन ब्रोटशन, म्हणजे छोटे पाव, घेतले, एक आजचा, एक उद्या सकाळचा. सहाला पाच मिनिटं कमी असताना वासंतीबाईंनी वरच्या खिडकीतून त्यांना बघितलं: पिशवी डाव्या हातात, किल्ली उजव्या हातात, पायपुसण्यावर दोन्ही पाय दोनदोनदा घासून त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.